लोकरीतलं रान

मेंढरं कातरायला बसवली की सर्जेरावच्या अंगणात दिवसभर कात्र्यांची कचकच चाले. पंचाण्णव सालच्या आषाढातही ती चालली. भवानीनगरपासून कोसभर आत त्याचं घर. मागं कोरडी ओघळ, पलीकडं उसाची शेतं. आषाढ निम्मा सरला तरी आभाळातून थेंब नव्हता. पाठीवरची चांगली लोकर पोत्यात भरायची आणि पोटाखालची मळकी, कुसळांनी गच्च झालेली लोकर ओघळीत फेकायची, ही घरची जुनीच रीत.

सर्जेराव स्वतः मेंढरांमागं कधी गेला नाही. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचा. नळीत दिसेल तेवढंच खरं मानायचा. कळप धाकट्या भावाचा, सोनबाचा. दिवाळी झाली की सोनबा आणि चुलते म्हस्कूआबा मेंढरं घेऊन घाट उतरत, कोकणात राहत आणि पावसाआधी परतत. यंदा परतताना घाटमाथ्यावरच्या अभयारण्याच्या कडेला एक मेंढी चुकली. तिला शोधायला सोनबा झाडीत शिरला. संध्याकाळी मेंढी आपल्या पायांनी परत आली. सोनबा आला नाही. वनखात्याची माणसं, पोलीस, आसपासचे गावकरी, सगळ्यांनी रान पालथं घातलं. त्याची टोपीसुद्धा सापडली नाही.

त्याची बायको म्हाळसा बाळंतपणामुळं या खेपेला घरीच राहिली होती. वय विशीचं, मांडीवर तान्हं पोर. भिगवणच्या तिच्या माहेरच्यांनी पाट लावायला एक चांगला माणूस हेरला होता. पण त्याआधी सोनबाच्या नावानं दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला हवा होता, आणि तो शब्द थोरला म्हणून सर्जेरावनं द्यायचा होता. त्यानं दिला. अमावस्या ठरली. पोरीचं आयुष्य वाट बघण्यात कुजू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हाळसा मात्र कुंकू पुसायला तयार नव्हती.

म्हस्कूआबांचं मत विचारलं तर ते चिलीम झटकत म्हणाले, "त्या रानात माणूस मरत न्हाय, सर्जेराव. मुरतं."

"मुरायला ते काय लोणचं हाय का, आबा?"

म्हातारा हसला नाही.

आठवडाभरात ओघळीतल्या लोकरीला कोंब फुटले. मेंढरांच्या अंगाला चिकटून बी येतंच, त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते हिरवेपणाचं. भोवती जमीन भेगाळलेली, आणि ओघळीत गुडघाभर, मग कंबरभर, मग पुरुषभर झाडी. विहिरीचा पाझर असेल म्हणून सर्जेरावनं कुदळ घेऊन खणून पाहिलं. हातभर खाली मुरूम भट्टीतून काढल्यासारखा कोरडा होता.

आबांनी एकेक झाड ओळखलं. दिंडा, रानहळद, शिकेकाईचा वेल, सगळी घाटमाथ्यावरच्या रानातली. मधोमध कारवी होती, आणि ती जांभळी फुलली होती. आबा काठी टेकून बघत राहिले. कारवी फुलायला सात वर्षं लागतात, असं ते म्हणाले, आणि पुन्हा ओघळीकडं फिरकले नाहीत.

मग दगडांवर शेवाळ धरलं. पानांमागं गोगलगायी दिसू लागल्या. दुपारी उभं राहिलं तर झाडीतून गार, ओल्या पानांचा वास येई. एका सकाळी सर्जेरावला उंबऱ्यावर रक्ताचे थेंब दिसले. म्हाळसाच्या घोट्याला जळू चिकटली होती, टम्म फुगलेली. इंदापूरच्या त्या माळावर आजवर कुणी असली जळू पाहिली नव्हती. तिनं ती चिमटीत धरून शांतपणे ओढून काढली. आत कशाला गेली होतीस, असं त्यानं विचारलं. गार वाटतं, एवढंच ती म्हणाली.

पाखरू शेवटी आलं. काळंभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. आबांनी अंगणातूनच सांगितलं, हा भृंगराज. ऐकेल त्याची हुबेहूब नक्कल करतो. आणि तो नक्कल करू लागला. शेकरूची कडकड, सांबराची धोक्याची हाक, कस्तुराची लांब शीळ, गव्याचा फुत्कार. सगळा डोंगर त्या एका चोचीतून बोलायचा आणि गोठ्यातली म्हैस दावं ताणून थरथरायची.

एके दिवशी त्यानं सोनबाची शीळ घातली. जिभेला मुडपून घातलेली, शेवटी खाली पडणारी. वाघरीच्या जाळीत कोंडलेली सगळी मेंढरं उठली आणि ओघळीच्या बाजूला जाऊन भिडली.

सर्जेरावनं म्हाळसाला समजावलं. सोनबा रानात असताना पाखरानं ती शीळ उचलली असणार. ती कधीची, कोण सांगणार? त्यावरून माणूस जिवंत ठरत नाही.

"मेलेला बी ठरत न्हाय," ती म्हणाली. "मग अग्नी कुणाला देणार, दादा?"

ती रोज झाडीत जास्त वेळ राहू लागली होती, आणि येताना तिच्या पदराला धुक्याची ओल असे. अमावस्येच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, तो रॉकेलचा डबा आणि काड्यापेटी घेऊन ओघळीच्या काठाला गेला. म्हाळसा मागच्या दारात वाकळेवर बसून बाळाला पाजत होती. तिनं अडवलं नाही.

फांदीवरून शीळ आली. सोनबाचीच.

मग त्याच फांदीवरून बाईचा आवाज आला. "आले, थांबा वाईच."

आवाज म्हाळसाचा होता. सर्जेरावनं मागं वळून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"हे कधी म्हणालीस तू हितं?"

तिनं बाळाच्या टाळूवरून हात फिरवला.

"म्हणले न्हाय अजून," ती म्हणाली.

त्यानं घाईनं झाडीकडं तोंड फिरवलं. रॉकेल ओतलं. काडी ओढली. ती सादळलेली निघाली. दुसरीही. तिसरीही.

पाखरू पुन्हा बोललं. या वेळी पुरुषाचा आवाज होता. घोगरा, फाटलेला, किती तरी दिवस ओरडून थकलेला.

"म्हाळसाऽऽ..."

त्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीचं नाव घेत नसे. सर्जेरावनंही कधी घेतलं नव्हतं. म्हणून तो आवाज आपलाच आहे, हे ओळखायला त्याला वेळ लागला.

मागं बाळ रडू लागलं.

तो वळला. वाकळेवर बाळ एकटंच होतं.

घर रिकामं होतं. अंगणात आबा मेंढरं मोजत होते. त्यांना कुणी जाताना दिसलं नव्हतं. आणि झाडीत जायचं तर ओघळीत उतरणाऱ्या एकुलत्या अरुंद वाटेवर तिला सर्जेरावच्या अंगाला घासूनच जावं लागलं असतं.

पानांत काही हललं नाही. कारवीची फुलं तेवढी गळून खाली पडत होती.

बाळ रडतच होतं. सर्जेराव झाडीच्या तोंडाशी उभा राहिला. फांदी आता रिकामी होती, आणि सगळं रान कुणी तरी बोलायची वाट बघत असल्यासारखं गप्प होतं.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं.