जाळीमागून आलेला "हो"

लोटू जैसलमेरच्या किल्ल्यातच राहिला.

नाही, तसं काही झालंच नाही. लोटू सुरतेत आहे. बमरोलीच्या कारखान्यात बारा तास कापडाचे लूम चालवतो, बिनसाखरेचा चहा पितो.

बाकीचं सगळं मात्र खरं आहे. त्याचा जोडीदार भिकन ताटावर हात ठेवून सांगतो, आणि ताटाच्या बाबतीत भिकन खोटं बोलत नाही.

१९९६ची दिवाळी. लूम बंद. गावी धुळ्याकडे जायचं सोडून दोघे जैसलमेरचा किल्ला बघायला गेले. कारण लोटूला चुन्याशिवाय उभी राहिलेली भिंत बघायची होती. त्याच्या खोलीची सिमेंट घालूनही पडली होती.

भर दुपार. पिवळ्या दगडाची ओसाड हवेली. दगडात दगड अडकवलेला. वर झरोका, त्याला साडीच्या काठाहून बारीक जाळी...

जाळीमागे एक बाई.

तिचे ओठ हलत होते.

आवाज मात्र... नव्हता.

दुसरं कुणी असतं तर पुढे निघून गेलं असतं. पण लूमच्या खडखडाटात कानांना काम नसतं, कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. दोघांनीही वाचलं.

"थांबशी का?"

तिकडच्या बाईचे ओठ अहिराणीत कसे हलले, हे भिकनला आजही कळलेलं नाही.

"हो," लोटू म्हणाला.

तो "हो"... जाळीच्या आतून ऐकू आला.

"लोटू, तू हो कसाले म्हणना?" परतताना भिकनने विचारलं.

"बाई इचारस, नही कसं म्हनू भो?"

हे उत्तर आपण ऐकलं नाही, नुसतं वाचलं, हे भिकनच्या लक्षात फार उशिरा आलं. परतीची बसही लूमसारखीच खडखडत होती.

कारखान्यात त्या खडखडाटात कुणालाच काही कळलं नाही. लोटूच्या बायकोला, सुंदराला, कळलं. नवरा उलटून बोलत नाही म्हणून तिने देवीला नारळ फोडला.

मग एका मंगळवारी लाइट गेली.

सगळे लूम एकदम गप्प.

लोटूचे ओठ हलतच होते. आवाज नाही. नजर भिकनवर.

"तू कवय येस?"

तू कधी येतोस...

तेव्हापासून लाइट गेली की भिकन लोटूच्या चपलांकडे बघतो. चपला लोटूच्याच आहेत. पण जुना लोटू चहात तीन चमचे साखर घ्यायचा.

शेवटी भिकनने रजिस्टर पोस्टाने अर्ज धाडला.

"मा. किल्ला अधिकारी साहेब यांस,
विनंती की, जाळीमागील बाईस समज द्यावी. अर्जदाराने 'हो' म्हटलेले नाही. सोबतच्या इसमाचा 'हो' तपासून, इसमासह परत पाठवावा. इकडे लोटू म्हणून आला आहे तो घेऊन जावा.
उत्तर लेखीच द्यावे. लोटूच्या तोंडी पाठवू नये."