किनाऱ्याकडे तोंड

साहेब, तिसऱ्या दिवशी माझ्या दादाचा शोध थांबवून तुम्ही घरी जेवायला गेलात. कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलंत आणि हात झटकलेत. घास उतरला तरी कसा तुमच्या घशाखाली?

मला मात्र हात झटकता येत नाहीत. चूक आधी माझी आहे.

बंदराच्या सभागृहात आप्पांनी, माझ्या वडिलांनी, रंगवलेलं भिंतभर चित्र आहे. इथली प्रत्येक होडी त्यात आहे. आप्पांचा एकच नियम: होडीचं तोंड किनाऱ्याकडेच काढायचं. गेलेलं माणूस परत येताना दिसलं पाहिजे. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा दादाची नवी होडी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी चित्रकलेची पदवी घेऊन आलेली. मला तो नियम खुळचट वाटला. मी खडकाशेजारी होडी काढली, ती खुल्या समुद्राकडे वळवून. सुकाणूशी पाठमोरा दादा.

“माझं तोंड दाखवायची लाज वाटते होय गं?” दादा हसला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो समुद्रावर गेला, तो परतलाच नाही.

शोध थांबला त्याच दुपारी मी ते सगळं खरवडलं. होडी वळवली. दादाचा चेहरा काढला, हनुवटीवरच्या व्रणासकट. आप्पा खाली शिडी धरून उभे होते.

सकाळी सभागृह उघडलं, तर आत ओल्या जाळ्यांचा वास कोंडलेला. होडी लहान वाटली. पट्टी लावली. वीतभर काढली होती, आता चार बोटं. तोंड मात्र आमच्याकडेच.

मग रोज मोजत गेले. रोज कमी. रंग वाळत नव्हता. बोटाला लागला, तो खारट होता. भिंतीला कान लावला, तर आत कुणीतरी धापा टाकत वल्हवत होतं...

आज ती नखाएवढी उरली. पुन्हा मोठी काढायला मी ब्रश उचलला, तर आप्पांनी मनगट धरलं.

“राहू दे, बाळ... दमला असेल तो.”

“तुम्हीसुद्धा थांबवताय, आप्पा?”

त्यांची बोटं सैल झाली.

फरशी पुसणाऱ्या मावशी बादली ठेवून जवळ आल्या. पदराला हात पुसत कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिल्या.

“ताई, तुम्ही नुसती होडीच मोजताय,” त्या हळूच म्हणाल्या. “तिच्या शेजारचा खडक बघा की... तोही तेवढाच लहान झालाय. होडी कुठं लांब गेली? आपणच मागे सरतोय.”