पाण्यातलं पान

संशोधन संस्थेच्या व्हरांड्यात वळणावर दोघं धडकलीच असती. तळ्याच्या गाळानं भरलेली लांबलचक नळी कवटाळून ती शीतखोलीकडे निघाली होती आणि समोरून आलेल्यानं नळीचं दुसरं टोक अलगद झेललं.

"हलवू नका! थर एकमेकांत मिसळतील!"

"मी कुठं हललो? तुम्हीच केवढ्यानं दचकलात," तो हसला. खालच्या मजल्यावर नुकताच रुजू झालेला वनस्पतितज्ज्ञ. शीतखोलीपर्यंत तो चक्क उलटा चालत गेला.

मग तो रोजच येऊ लागला. ती एकेक थर धुऊन जुन्या पानांचे कण वेचायची. ते कशाचे, हे तो ओळखायचा. झाडाचं पान हवेतूनच कार्बन घेतं, त्यामुळे त्या त्या काळी हवेत किरणोत्सारी कार्बन किती होता, हे त्यावरून कळायचं. तिचं सगळं संशोधन यावरच उभं होतं. पण तो शेजारी वाकला, की तिचा चिमटा नेमका घसरायचा...

सगळ्यात महत्त्वाच्या थरात मात्र एकच कण निघाला. त्यानं तो बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिला.

"हे पाणवनस्पतीचं पान. यात खडकातून पाण्यात उतरलेला जुना कार्बन असणार. हवेतल्या कार्बनचा हिशेब चुकेल."

"नीट बघा ना! सोमवारी मार्गदर्शक सरांना नमुना दिला नाही, तर मला प्रबंधासाठी मुदतवाढ मिळणार नाही!"

"तुमच्यासाठी खोटं बोलावंसं वाटतंय... पण नाही जमणार."

"तुमचं काय जातंय बोलायला!"

तो निघून गेला. तिनं पुन्हा पाहिलं. त्याचंच खरं होतं. कण तिनं बाजूला ठेवला. मग जिन्यात पावलं वाजली, की ती दाराकडे बघायची. तो नसायचा.

सोमवारी सकाळी तो आला, तांबारलेल्या डोळ्यांनी. त्या थराचा चाळून उरलेला गाळ त्यानं कणाकणानं पाहिला होता. बशीत एक इवलंसं पंखवालं बी होतं.

"झाडाचंच. पैजेवर सांगतो."

तिनं ते चिमट्यात धरलं.

"आता श्वास सोडू नका, उडेल. तुम्हाला भांडता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो — मला तुम्ही फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

तिचे कान तापले. बी कुपीत पडलं. झाकण लागलं. मग कुठं तिनं श्वास सोडला.

"ही काय वेळ झाली विचारायची? जीव गेला असता माझा!"

"म्हणजे... नाही?"

"हो म्हणतेय ना! आधी ही कुपी धरा — पडेल माझ्या हातून."