हिराताईचे दोन दात

रविवारी सकाळी साडेनऊला हिराने धाकट्या भावाच्या लग्नात वंदना म्हणायला नकार दिला.

लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. आई गेल्यापासून जिने चेतनला न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, स्वतःला आलेली स्थळं ‘हा मोठा होऊ दे’ म्हणत परतवली, त्या ताईनेच सगळ्यांपुढे उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणावं, एवढंच आता हिंजवडीच्या कंपनीत इंजिनिअर झालेल्या त्या भावाचं मागणं होतं.

“सोनाली पसंत नाही, असं सरळ सांग ना,” चेतन म्हणाला. “साखरपुड्याच्या एकाही फोटोत तू हसलेली नाहीस. पासपोर्टला चालतील सगळे.”

हिरा ओठ मिटून पोह्यांच्या कढईकडे पाहत राहिली... कसं सांगावं? एके काळी विहार तिच्या आवाजाने भरून जायचा. सतराव्या वर्षी वरचे पुढचे दोन दात गेले, त्या जागी काढती कवळी आली, आणि एका पौर्णिमेला भर वंदनेत ती कवळी सुटून सगळ्यांदेखत तळहातावर पडली. त्या दिवसापासून तिचं वंदना म्हणणं थांबलं आणि हसणं ओठांपुरतं उरलं. कवळी आहे हे तिने चेतनला कधी कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर दात कसे गेले, हेही त्याने विचारलं असतं.

“सोनाली चांगली आहे,” एवढंच ती म्हणाली.

दुपारी सोनाली स्वतःच आली. नारायण पेठेत तिचा दातांचा दवाखाना. चेतनने फोनवर केलेली तक्रार तिने ऐकली होती. ती थेट स्वयंपाकघरात हिराशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “ताई, साखरपुड्यात पेढा भरवताना मला कवळीची तार दिसली होती. विचारायचा धीर झाला नाही. उद्या दवाखान्यात याल?”

इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. हिराचे डोळे भरून आले. “येते. पण चेतनला नको सांगूस.”

सोमवारी संध्याकाळी ती दवाखान्यात पोहोचली, तर बाकावर चेतन आणि बाबा आधीच बसलेले. पोपटराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दिवसाला दहा वाक्यं पुरत असत त्यांना. स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेरच्या खोलीत त्यांनी ऐकलं होतं.

“मीच आणला त्याला,” ते म्हणाले.

कवळी निघून ताटलीत पडली. चेतन बघतच राहिला. सोनालीने समजावून सांगितलं: दोन्ही बाजूंचे दात थोडे घासायचे, माप घ्यायचं, आणि चार दातांचा एकसंध ब्रिज त्यांच्यावर कायमचा चिकटवायचा. मग तिने विचारलं, “दात पडले कसे?”

“चाळीच्या नळावर घसरले,” हिराने नेहमीचं उत्तर दिलं.

“त्या दिवशी नळाला पाणीच आलं नव्हतं,” पोपटराव म्हणाले.

ताटलीतल्या कवळीकडे पाहत ते पुढे सांगू लागले.

“हा विटीदांडू खेळत होता. टोला मारून पळाला. ही पलीकडे धुणं वाळत घालत होती. विटी मला पिंपामागे सापडली, रक्ताने माखलेली. ह्याला बडवायला उठलो होतो... पण पोरगी तोंड धरून माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होती. हात वर गेलाच नाही. पुन्हा कधी गेला नाही.”

चेतनला आठवलं. विटी हरवली म्हणून आपण भोकाड पसरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने ताईनेच नवी विटी तासून दिली होती... तो खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचे पाय धरले.

“ताई, आणि काल मी तुला...”

“गप. सहा वर्षांचा होतास.” हिराने त्याच्या केसांतून हात फिरवला. “नेम मात्र चांगला होता मेल्याचा.”

आणि ती हसली. कवळी ताटलीत आहे, तोंड रिकामं आहे, हे साफ विसरून, पदर तोंडाशी न नेता, घळघळ डोळे वाहत असताना खदखदून हसली. पोपटरावांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसत राहिले.

“हे निघणार नाही ना ग?” तिने सोनालीला विचारलं.

“तुम्ही ओढलंत तरी नाही. तुमच्या भावासारखंच आहे, चिकटलं की चिकटलं.”

त्या दिवशी तात्पुरते दात बसले. पुढच्या गुरुवारी कायमचा ब्रिज आला. आरशात हिरा कितीतरी वेळ स्वतःकडे पाहत होती. पण ‘सरणं’ म्हणताना ‘स’मधून अजून बारीक शीळ निघत होती. जिभेला नवे दात ओळखीचे व्हायला थोडे दिवस लागतात, सोनाली म्हणाली. लग्न रविवारी होतं.

वंदना कोण म्हणणार, हे विहारातून दोनदा विचारून झालं. चेतनने ताईला एकदाही विचारलं नाही.

शनिवारी सकाळपर्यंत हिराने होकार दिलेला नव्हता. मात्र पहाटेपासून ती मोरीचं दार लावून, नळ मोठा सोडून आत होती, आणि पाण्याच्या आवाजामागून तीच ओळ पुन्हापुन्हा येत होती. कधी शिळेसकट, कधी स्वच्छ. थेंबभर पाणी वाया गेलं तरी घर डोक्यावर घेणारे पोपटराव बाहेर चहाचा कप घेऊन बसले होते. नळ बंद कर, असं ते अजून म्हणालेले नाहीत.