रोझानं विचारलं तेव्हा

वात जरा खाली करा, रे. आणि दाराकडे पाठ करून कुणी बसू नका. सांगतोय ते आपल्या कोलशेतच्या व्हॅलेरियनचं. तुमच्यातल्या थोरल्यांनी त्याला म्हातारपणी पाहिलंय.

अठराशे ऐंशी साल. त्या पावसाळ्यात व्हॅलेरियनचं तान्हं पोर तापानं गेलं. त्याची बायको रोझा तेव्हापासून दिवसचे दिवस तोंड उघडत नव्हती. पाद्रीबाबा म्हणाले, हिला चार दिवस हवापालटाला ने. व्हॅलेरियन कल्याणला रेल्वेत कारकून होता. साहेबाच्या ओळखीनं त्याला मुरबाडच्या पुढे, एका खोल दरीच्या काठावरचा मुसाफिरी बंगला मिळाला.

कल्याणहून बैलगाडी केली. रस्ता काय देखणा! दोन्ही अंगांना पिवळंधमक भात, मागे डोंगरांच्या रांगा, उतारावर सोनकीची फुलं. काळू नदीवर बैल सोडले तेव्हा रोझानं पाण्यात पाय बुडवले आणि चक्क हसली. व्हॅलेरियनचा जीव भांड्यात पडला.

मुरबाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते बंगल्यावर पोचले. तारीख नोव्हेंबरची दोन. आपल्यात मेलेल्यांचा दिवस, आणि हिंदूंची दिवाळीची अमावास्या.

बंगल्याचा राखणदार गोविंदा सामान उतरवता उतरवता म्हणाला, "साहेब, एक ऐका. दरीकडं तोंड करून कुणाला नावानं हाक मारू नका."

"का रे, वाघ येतो काय?"

गोविंदानं ट्रंक उचलली आणि तो आत गेला.

ऊन कलल्यावर व्हॅलेरियन मुद्दाम काठावर गेला आणि ओरडला, "रोझाऽऽ!"

दरीनं नाव परत दिलं. एकदा, दोनदा, बारीक होत होत विरलं. रोझालाही गंमत वाटली.

मग सगळं शांत झालं. पाखरंसुद्धा.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. "रोझा."

"आत चल," ती म्हणाली.

जेवणं झाली. व्हॅलेरियन मागच्या खोलीत खिडक्या लावत होता. तेवढ्यात बाहेरून त्याचाच आवाज आला.

"गो रोझा, धाव! पाय घसरला माझा!"

दार आपटलं. तो धावला. रोझा पार काठावर पोचलेली.

"रोझा, मी हितं हाय! तुझ्या मागं!"

"रोझा, मी हितं हाय," दरी म्हणाली. "खाली."

ती थांबली. वळली. व्हॅलेरियनच्या मागून गोविंदा कंदील घेऊन आला, पण उजेड पाठीमागचा. तिला नवऱ्याचा चेहरा दिसेना, नुसती काळी आकृती दिसली.

"जवळ येऊ नको!" ती किंचाळली. "आलास तर उडी टाकीन."

तो जागीच थांबला.

मग ती अगदी हळू म्हणाली, "बाळ गेला त्या राती तू मना काय बोललास? सांग. माझा नवरा असशील तर सांग."

व्हॅलेरियनला आठवत होतं. शब्द न् शब्द. पण मागे गोविंदा उभा होता. परका माणूस. आणि ते पुन्हा तोंडातून काढायचं...

"मी बोललो... रडू नको, गो. देवाची मर्जी."



खालून आवाज आला. संथ. त्याचाच.

"तू झोपलीस, म्हणून मेला तो."

रोझानं मान डोलावली. ओळख पटल्यासारखी.

"रोझा, नको! आत्ता खोटं बोललो मी! त्या राती तसं मीच..."

तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"थांब," ती दरीला म्हणाली. "आलेच."

आणि पाऊल पुढे टाकलं.

पडल्याचा आवाज आला नाही. किंकाळी नाही. दगडसुद्धा गडगडला नाही...

रात्रभर व्हॅलेरियन काठावर बसून होता. उजाडल्यावर जवळच्या वाडीतली माणसं दोर घेऊन आली. खाली उतरायला वाटच नाही, कुणी कधी उतरलं नाही, असं सगळेच सांगत होते. व्हॅलेरियननं कुणाचं ऐकलं नाही. कमरेला दोर बांधून तो स्वतः उतरला.

तळाशी प्रेत नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता.

सपाट खडकावर तीन दगडांची चूल होती. राखेत त्यानं हात घातला. गरम होती.

शेजारी दोन पत्रावळी. समोरासमोर मांडलेल्या.

दोन्ही उष्ट्या.