ससाणे येण्याआधी

"तो कॅम माझा आहे."

मी कड्याच्या पायथ्याशी बसून तळहातांना टेप गुंडाळत होते. वर पाहिलं. एक ताडमाड माणूस, टोपीवर लाल धूळ, आणि बोट माझ्या सामानाकडे रोखलेलं.

"कशावरून?"

"दांडीवर जांभळं नेलपॉलिश आहे. माझी खूण."

"माझीही तीच आहे. आणि माझ्या नखांवरही तेच आहे. तुझी नखं दाखव बरं!"

तो कानापर्यंत लाल झाला. "बहिणीची बाटली आहे... उन्हात खुणेची टेप निघून जाते, म्हणून—"

इंडियन क्रीकच्या या लाल कड्यांतल्या भेगा खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीच्या. भेगेत फाकून बसणारी, दोरी अडकवायची स्प्रिंगची पकड म्हणजे कॅम; एकाच मापाचे पाच-सहा लागतात आणि तेवढे कुणाकडेच नसतात. मग शेजारच्या दोरीवाल्याकडून मागून घ्यायचे, आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येकाने आपली खूण करायची.

"तुझे किती होते?" मी विचारलं.

"तीन."

"मग गळ्यात लटकवलेत ते किती आहेत?"

त्याने मान खाली घालून मोजले. तीनच होते. मी पोट धरून हसले, आणि तो टोपी काढून उभा राहिला. त्याचं नाव हायरम. ओढ्याकाठच्या रँचवर गुरांचं कुंपण दुरुस्त करतो. हात असे दणदणीत, की माझा अख्खा पंजा त्याच्या तळव्यात मावला असता. हा विचार तेव्हा मनात का आला, कोण जाणे.

"तीन तुझे, तीन माझे," तो म्हणाला. "सहा झाले. तुला ही भेग चढायचीय ना?"

चढायची होती! तिसरं वर्ष होतं. भेग जेमतेम वीस मीटरची, पण वरच्या टोकाला ती जराशी रुंदावते. माझा हात तिथे सैल पडतो आणि मूठ शिरत नाही. दोन वर्षं मी तिथूनच दोरीला लोंबकळत खाली आले होते. एक मार्चला बहिरी ससाणे घरट्यांवर येतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत त्या कड्याला आम्ही कुणी हात लावत नाही. यंदा मी शपथच घातली होती स्वतःला, की ससाण्यांच्या आधी, न पडता, न लोंबकळता वर जायचं. त्या दिवशी तारीख होती पंचवीस फेब्रुवारी.

आणि मी दोरी बांधली तोच टपोरे थेंब पडायला लागले.

वाळूचा दगड पाणी पितो. ओला असताना चढलं तर भेगेच्या कडा ढासळतात, ती कायमची बिघडते. थांबण्यावाचून इलाज नव्हता. आम्ही एका कपारीत अंग चोरून उभे राहिलो. ओल्या सेजच्या झुडपांचा वास, त्याच्या बाहीतून ठिबकणारं पाणी... मी मुकाट्याने पावसाला शिव्या घालत होते. अगदी मनापासून नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तो मोॲब गावात, मी कामाला असते त्या बेकरीत हजर. खिशातून मूठभर लाल माती काढून माझ्या काउंटरवर ठेवली.

"भेगेच्या तळाची. बोटभर खणून आणलीय. अजून ओली आहे. म्हणजे दगडही ओलाच."

"अरे, इथे लोक दालचिनीचे रोल खातात!"

"मग दे एक."

सत्तावीसलाही आला. "बेकरीवाली, आज कमी ओली."

"हे सांगायला तासभर गाडी चालवलीस?"

"रोल बरे असतात," तो म्हणाला. रोलकडे त्याने बघितलंसुद्धा नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी माती बोटांतून भुरभुर गळली. दगड कोरडा होता. आधी तो चढला, मी दोरी धरली. रुंद जागी त्याचा हात असा चपखल बसला की माझ्या पोटात दुखलं. खाली येता येता त्याने कॅम काढून आणले.

"हे पाचच आहेत," मी म्हणाले.

"सहाव्याच्या खटक्यात वाळू अडकलीय. पाच पुरतील." आणि तो बुटाच्या नाड्यांकडे बघू लागला. "वर गेलीस की अंगठा असा मुडप आणि—"

"तुझ्या हाताचा सल्ला माझ्या हाताला कसा लागू पडेल? तू दोरी धर."

मी निघाले. हात घाल, अंगठा मुडप, बूट तिरका सारून पीळ, उभी राहा. चार कॅम लावून झाले, कमरेला एक उरला. रुंद जागेशी पोचले आणि आत पाहते तो काय... भेगेत खोलवर एक कॅम बसलेला! जांभळी खूण.

अस्सा राग आला म्हणून सांगू! आधीच लावलेल्या कॅममध्ये दोरी अडकवली, तर ती चढाई माझी कशी? आणि त्या टप्प्यात कॅम बसेल अशी जागा एकच, तीच या भल्या माणसाने अडवलेली. उपसायला हात मोकळा नव्हता. माझा शेवटचा कॅम पायाखाली राहिला होता, आणि पडले असते तर चांगलीच खाली गेले असते.

"ब्रिन!" खालून त्याचा आवाज आला. "अडकव ना दोरी!"

"तू गप्प बस!"

मी तळहात ओंजळीसारखा वाकवला आणि भेगेच्या दोन्ही भिंतींवर दाबून धरला. हात सरकला... थांबला. बूट पिळला. तसाच दुसरा हात. एक पाऊल. आणखी एक. भेग पुन्हा अरुंद झाली, पाचवा कॅम कट्कन बसला, आणि भेगेच्या वर ठोकलेल्या साखळीला हात लागल्यावर मी अशी किंचाळले की ससाणे आले असतील तर दचकले असतील.

खाली येताना सहाही कॅम काढून आणले. त्याने आत ठेवलेला त्याच्या पुढ्यात टाकला.

"हा काय प्रकार?"

"तू पडशील म्हणून..."

"पडले असते तर दोरी तुझ्या हातात होती ना? तेवढंच काम कर. माझ्या वाटेत काही ठेवू नकोस."

त्याने तो उचलून वाळू झटकली. मग म्हणाला, "चुकलं माझं. मला तू आवडतेस, ब्रिन. तू वर दातओठ खात असताना खाली नुसतं उभं राहणं... जमेना मला."

"जमवावं लागेल." मी हातावरच्या टेपचं टोक खरवडू लागले. "कारण मलाही तू आवडतोस, आणि मी चढायची थांबणार नाहीये."

त्याने माझा पंजा हातात घेऊन टेप हळूहळू सोडवली. मावला. पूर्ण मावला.

सूर्य कड्यामागे गेला. तो सामान वाटायला बसला. "यातले माझे कुठले?"

सगळ्यांवर जांभळंच. मी सहाही माझ्या पिशवीत टाकले.

"सप्टेंबरला बघू."

"सप्टेंबर?" त्याचा चेहरा पडला. "सहा महिने?"

"कॅम सप्टेंबरला. तू उद्या ये," मी म्हणाले. "माती नको आणूस."