गुडघ्याला बाशिंग

"अहो, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलात वाटतं?"

प्रश्न तिचा नव्हताच. दाराबाहेर तोंडावर हात दाबून खिदळणाऱ्या तिच्या दोन मैत्रिणींचा होता. "विचारून दाखव, नाहीतर तू कसली पैलवान!" असं त्यांनी डिवचलं होतं. वजनं उचलते म्हणून सगळं कॉलेज तिला पैलवानच म्हणायचं. मग माघार कशी घेणार?

दुखऱ्या गुडघ्यांना व्यायाम शिकवणारी ती खोली... बामाचा उग्र वास, भिंतभर आरसा, खिडकीशी दोन उंच बाकं. त्यातल्या एकावर तो बसला होता, गुडघ्याला हा एवढा जाडजूड निळा पट्टा! लग्नाला उतावळ्या माणसाला असं चिडवतात, हे त्यालाही ठाऊक होतंच. त्याने शांतपणे आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बांधलंय खरं. पण मुलगी पसंत पडत नव्हती."

"नव्हती?"

"आत्ता-आत्तापर्यंत..."

बाहेरचं खिदळणं गपकन थांबलं. पैलवानाच्या कानाच्या पाळ्या मात्र शेकायच्या पिशवीहून गरम झाल्या!

किती मजेचे होते ते दिवस! तो कॉलेजच्या संघाचा गोलकीपर, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आलेला. तिचा उजवा गुडघा खांद्यावर वजन घेऊन बैठका मारून मारून आखडलेला. शेजारशेजारच्या बाकांवर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दोघं मांड्या आवळत बसायची. गप्पांना मात्र ऊत! "तोंडाचा व्यायाम पुरे, गुडघ्याचा करा," फिजिओताई ओरडायच्या. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. आजही कुठे तो बामाचा वास आला, की तिला गुडघा नाही, आधी तो आठवतो.

पण एक गोष्ट तिने त्याच्यापासूनही लपवली होती. सूज उतरत नव्हती. कशी उतरणार? संध्याकाळी ती चोरून वजनं उचलतच होती. स्पर्धा तोंडावर आली होती, आणि बाबांनी तर पदकासाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता!

मग त्याचा तिथला शेवटचा दिवस आला. जिना उतरता उतरता तो मागे वळला आणि थबकला. ती कठडा धरून आडवी आडवी उतरत होती.

"खेकडा कधीपासून झालीस गं?"

"काही नाही... सहज."

"ताईंना सांगितलंस?"

"ओरडतील रे. स्पर्धा झाली की सांगेन ना — एवढी एकच!"

तो हसला नाही. "मीही हेच म्हणालो होतो. एवढी एकच मॅच. म्हणून तर प्रकरण ऑपरेशनवर गेलं. आता पुन्हा गोलपोस्टसमोर उभा राहीन की नाही... देव जाणे."

सतत टवाळक्या करणारा हा — आणि आवाज असा कापरा?

"तू पदक आण, नाहीतर नको आणूस," तो कठड्याकडे बघत म्हणाला. "पण म्हातारपणी जिना चढताना दोघांपैकी एकाचे तरी गुडघे धड हवेत ना?"

"दोघांपैकी... म्हणजे कुठल्या दोघांपैकी?"

"पैलवान! आता तेही मीच सांगू?"

तिने कठडा सोडला आणि त्याचा दंड धरला. उरलेल्या पायऱ्या दोघं इतक्या हळू उतरली, की जिन्यालाच कंटाळा आला असेल!

घरी आई चहा गाळत होती. बाबा स्पर्धेला न्यायची बॅग काढून उत्साहाने झटकत होते. ती क्षणभर दारातच घुटमळली... पण पैलवान ती पैलवान!

"आई, बाबा, मी यंदा स्पर्धेत उतरणार नाही. गुडघा सुजलाय, मी लपवत होते. उद्याच ताईंना सगळं सांगणार आहे. उतरेन, पण बरी झाल्यावर."

बाबांचा हात बॅगेवर तसाच राहिला. आईने गाळणं खाली ठेवलं.

"आणि रागवायचं असेल ना," ती एका दमात म्हणाली, "तर जरा थांबून रागवा... अजून एक सांगायचंय!"